पांघरायचं नाव

हाक आली आणि ती वळली, एवढंच घडलं. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली, त्यामुळे गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प झाले होते. सुरतच्या या बमरोलीत असा गप्पपणा आला की कानाला तो सहन होत नाही, कानात आपलंच रक्त खडखडतं. मी भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर पर्वत पाटियाच्या दुकानदाराची साडी उलटी पसरलेली, हातात छोटी कात्री. भरतकामाच्या मागं लोंबणारे धागे कापायचे, आमच्या गल्लीत त्याला धागा कटिंगच म्हणतात. समोर माझी मुलगी पालथी पडून फरशीवर हात आपटत होती. मी साडीच्या काठाआड तोंड लपवायची आणि बाहेर काढून म्हणायची, "ऋजुता." पुन्हा लपवायची, पुन्हा म्हणायची. ती हसत होती. पण ती माझ्या तोंडाला हसत होती, काठ वर-खाली होतोय त्याला हसत होती. नावाला नव्हती हसत. ते मला माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं मी करत होते. तेवढ्यात मोरीच्या उंबऱ्यावरून सासूबाईंनी, ओला हात झटकत, नेहमीच्या त्या कुत्र्याला हाकलायच्या आवाजात म्हटलं, "चिंधे." आणि माझी मुलगी वळली. नुसती मान नाही, सगळी वळली. तळव्यांवर भार टाकून, पोट घासत, अर्धा गोल फिरली आणि मोरीकडं बघत राहिली, आपल्याला कुणीतरी बोलावलंय हे कळल्यासारखी. जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच तिनं एखादा शब्द आपला म्हणून उचलला होता, आणि तो हा. मी कात्री खाली ठेवली नाही. धागा कापला, पुढचा कापला, तिसऱ्याला साडीचं पोत कापलं गेलं.

चिंधी म्हणजे चिंधी. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या खानदेशात ज्याची लेकरं जगत नाहीत तो पुढच्या लेकराला असलं नाव देतो. चिंधा, धुडकू, उकर्डू. काळ दारात येतो, घरात काय चांगलं आहे ते बघतो. त्याला सांगायचं की काही नाही रे बाबा, ही एक फाटकी चिंधी पडलीय, उकिरड्यावरची, तिला कोण उचलतं. पारोळ्याला आमच्या वर्गात एका मुलाच्या आजोबांचं नाव उकर्डू होतं आणि हजेरीला त्याचं पूर्ण नाव आलं की आम्ही मुली ओढणी तोंडात कोंबून हसायचो. पण ती नावं मी पुरुषांची ऐकली होती. वंश राहावा म्हणून देवाशी केलेली ती चलाखी असते, मुलग्यासाठी केलेली. मुलीला चिंधी म्हणायला काय चलाखी लागते? मुलीला तर तशीही म्हणतात. माझ्या एका मावशीचं नाव नकूबाई होतं, तिसरी मुलगी म्हणून, आणि ते नाव तिला साठाव्या वर्षापर्यंत पुरलं. म्हणून सासूबाईंनी माझ्या लेकीला पहिल्यांदा चिंधी म्हटलं तेव्हा मला त्यात कुठलाही काळ दिसला नाही, सासू दिसली. आणि त्या म्हणायच्याही तशाच. कपाळाला आठी, ओठ एका बाजूला, शब्द तोंडातून काढून फेकल्यासारखा. कधी मऊ नाही, कधी लाडात नाही. रात्री पाठीवर थोपटताना हात मऊ असायचा, आवाज मात्र तोच. "निज व चिंधे. निज, मर तिकडं." मी शेजारी पडून ऐकायची. माझ्या दुधाला त्या आवाजाची चव लागते असं मला वाटायचं.

मी त्यांच्याशी शुद्ध बोलते. मला अहिराणी येत नाही असं नाही, ती माझ्या आईची भाषा आहे, दूध पिता पिता शिकलेली. पण या घरात मी ती बोलायची सोडली, गायत्री गेली त्या दिवसापासून. सासूबाई म्हणतात, "शीतल, पोरले भूक लागनी व्हई." मी म्हणते, "हो आई, देते मी तिला." पुस्तकातल्यासारखं, एक-एक शब्द कडेनं शिवून. त्यांना ते टोचतं, आणि टोचावं म्हणूनच मी ते करते. भांडायला अहिराणी चांगली, पण न भांडता अंतर ठेवायला शुद्ध मराठीसारखं दुसरं काही नाही.

गायत्री माझी पहिली. तिचं बारसं आम्ही इथंच केलं, सोसायटीचा हॉल घेऊन. मीच हट्ट धरला होता. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा, मागं थर्माकोलची सोनेरी अक्षरं, गा, य, त्री, एकेक अक्षर माझ्या हाताएवढं. माझ्या नवऱ्याच्या, योगराजच्या, कारखान्यातली माणसं आली होती, ओडिशाची, यूपीची, सगळ्यांनी तिच्या नावाचा व्हिडिओ काढला. मला नणंद नाही म्हणून आत्याच्या जागी योगराजच्या चुलतबहिणीनं कानात नाव सांगितलं, आणि मी सांगितलं होतं की हळू नको, मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. ऐकू गेलं. दुसऱ्या महिन्यात तिच्या छातीत कफ झाला आणि दवाखान्याच्या काचेमागं, नळ्यांमध्ये, तिच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर तिचं नाव नव्हतंच, माझं होतं. शीतलचं बाळ. तिचं नाव तिथं कुणी घेतलंच नाही. आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो तेव्हा पाणी देता देता सासूबाई म्हणाल्या, मला नाही, चुलीकडं तोंड करून, गॅसच्या शेगडीकडं, "नाव लई सजाडेल व्हतं." इतकंच. नाव फार सजवलेलं होतं. म्हणजे कफानं नाही, दवाखान्यानं नाही, त्या थर्माकोलच्या अक्षरांनी मारलं तिला. म्हणजे मी मारलं. मी पाणी प्यायले. तो पेला अजून घरात आहे, कडेला चेपलेला. त्याच्यातून मी परत पाणी प्यायलेली नाही, आणि माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही.

मग ही झाली. पाचव्या दिवशी, सटीची पूजा मांडायच्या आधी, सासूबाईंनी तिला माझ्या कुशीतून उचललं. मला वाटलं तेल लावायला. त्यांनी सूप घेतलं, त्यात माझ्या जुन्या परकराचा तुकडा टाकला, त्यावर तिला निजवलं आणि दाराबाहेर पडल्या. मी भिंत धरून उठले. टाके ओले होते. दारापर्यंत आले तर त्या समोरच्या गोदामापाशी पोहोचल्या होत्या. गावाकडं हे उकिरड्यावर करतात. बमरोलीत उकिरडा कुठला, इथं गोदामासमोर चिंध्यांचा ढीग असतो. साड्यांचे काठ, कापडाची कातरणं, लूमवरची तुटकी सुतं, लाल-हिरवं-चमचमतं असं सगळं. त्या ढिगावर त्यांनी सूप ठेवलं आणि पाठ फिरवून, मागं न बघता, माझ्याकडं चालत आल्या. माझ्या डोळ्यांत बघत आल्या, तसंच वाटलं मला. त्यांच्या मागं ढिगावर माझं पाच दिवसांचं मूल उन्हात पडलं होतं आणि एक माशी सुपावर घिरट्या घालत होती. मी ओरडले असेन. शेजारच्या शोभाबाईंनी, त्या परभणीकडच्या, त्यांना सासूबाईंनी आधी सांगून ठेवलेलं होतं हे मला नंतर कळलं, ढिगावरनं सूप उचललं आणि आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "काय ओ, मला ही चिंधी घावली उकिरड्यावर. घेता का इकत?" सासूबाई म्हणाल्या, "काय करू तिले? बरं, टाकी दे आठे," आणि त्यांच्या पदरात मूठभर कोंडा घातला. कोंड्यावर माझी मुलगी घेतली. शोभाबाई हसत होत्या, त्यांना मजा वाटत होती. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता ही तुमची नाही हां शीतलताई, माझ्याकडनं घेतल्याली हाय." मी हात पुढं केले. मला हसू आलं नाही. त्या कोंड्याचे कण कितीतरी दिवस तिच्या मानेच्या वळीत सापडत राहिले, मी ओल्या बोटानं एकेक उचलायची.

योगराज म्हणाला, "दोन्ही नावं राहू दे ना. तुझं कागदावर, आईचं घरात." तो बारा तास लूमवर उभा राहून येतो. त्याला घरात एकच गोष्ट हवी असते, आवाज नको. म्हणून कागदावर ऋजुता आहे, आणि घर म्हणजे घर आहे. मी ते नाव कॉलेजात असताना एका मासिकात पाहिलं होतं, तेव्हाच ठरवलं होतं. सरळपणा. वाकडं काही नसणं. सासूबाईंच्या जिभेवर ते बसतच नाही, एकदा प्रयत्न केला त्यांनी, "रुजू... काय ते," आणि सोडून दिलं. समोरच्या गुजराती भाभीनं "बहु अघरुं नाम छे" म्हणून तोंड वाकडं केलं. नाव अवघड आहे हे मला मान्य. पण मी ते रोज तिच्या कानात ओतायची. अंघोळीला, दूध पाजताना, ती झोपल्यावर. झोपल्यावर जास्त, कारण तेव्हा मध्ये दुसरी हाक यायची शक्यता नसायची. तिच्या कानाची पाळी इतकी पातळ की उजेड आरपार जातो, त्या उजेडात मी नाव ठेवायची. आणि आता, लाइट गेलेल्या एका दुपारी, ती वळली होती मोरीकडं.

लाइट आली. लूम सुरू झाले, एक, मग दुसरा, मग सगळी गल्ली. त्या खडखडाटात माणूस मोठ्यानं बोलतो आणि बोललेलं मोठं होतं. सासूबाई पदरानं हात पुसत आल्या, तिला उचललं, माझ्याकडं बघितलं. जिंकल्यासारखं नाही, खरं सांगायचं तर थोडं घाबरल्यासारखं, पण मला ते तेव्हा दिसलं नाही. "वळनी ना व," त्या म्हणाल्या. "नाव लागनं तिले. आते काय भ्याव नही." लागलं नाव. आता भीती नाही. मी साडी घडी केली. आतून काहीतरी वर येत होतं, गरम, नीटनेटकं, जणू कितीतरी दिवस शिवून ठेवलेलं. मी म्हटलं, "आई, तुमच्या गावात चिंधी कोणी उचलत नसेल. ही सुरत आहे." मी दारातून गोदामाकडं बोट केलं. "समोर बघता ना रोज? संध्याकाळी टेम्पो येतो. काट्यावर घालतात, पोती बांधतात, घेऊन जातात. इथं चिंधी कोणी टाकत नाही. इथं चिंधी विकत नेतात. रोज. एक दिवस चुकत नाही." मी थांबायला हवं होतं, पण वाक्य छान झालं होतं आणि त्याला शेवट हवा होता. "तुम्ही तिला लपवली नाहीत. तुम्ही तिला काळाच्या दारातच नेऊन ठेवलीत."

मला उत्तर हवं होतं. त्या वळून दारात गेल्या आणि गोदामाकडं बघत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या त्याच दारातून तोच ढीग बघत आल्या होत्या, पण आता पहिल्यांदा दिसल्यासारख्या बघत होत्या. सटीच्या दिवशी ढिगावर ठेवलेल्या सुपाचा विचार त्यांच्या पाठीत शिरलेला मला मागून दिसला. पाठ हळूहळू लहान होत गेली. मग त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या दिवसापासून तिला हाक मारायची बंद केली. ना हे नाव, ना ते. कडेवर घ्यायच्या, भरवायच्या, पुसायच्या, पण तोंड मिटलेलं. घर इतकं शांत झालं की योगराजनंही विचारलं, "काय झालं?" आणि दोघीही म्हणालो, काही नाही.

जिंकलेल्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत नाही, मला बरं वाटलं नाही. आता मध्ये दुसरी हाक नव्हती. मी दिवसभर ऋजुता, ऋजुता म्हणत होते, आणि ती खेळता खेळता थांबायची, मान उंच करून मोरीकडं, दाराकडं, शेगडीकडं बघायची. वाट बघायची. हाक येत नाही हे तिला कळत होतं. ओठ बाहेर काढून ती माझ्याकडं अशी बघायची की मीच कुठंतरी ठेवलंय ते. आणि संध्याकाळ झाली, टेम्पोचा रिव्हर्सचा आवाज आला, की माझा हात आपोआप जाऊन तिला उचलायचा. माझा, बी.ए. झालेल्या बाईचा, जिनं ते वाक्य केवळ टोचायला तयार केलं होतं. पोती चढायची, काटा खाली-वर व्हायचा, आणि मी माझ्या मुलीला छातीशी घट्ट धरून दाराच्या आतल्या बाजूला उभी राहायची. पलीकडं सासूबाई शेगडीपाशी तशाच उभ्या. एकमेकींकडं न बघता आम्ही दोघी टेम्पो जायची वाट बघायचो. माझंच वाक्य होतं ते आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं.

अशात एका सकाळी धुडकूमामा आले. योगराजचे सख्खे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ, धरणगावाकडं शेतमजुरी करतात, मुलाच्या लग्नाचं सांगायला आलेले. मी त्यांना लग्नात एकदाच पाहिलं होतं. बॅग खांद्याला, डोक्यावर टोपी, दारात उभे राहून ते आत वाकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चिंधे, व चिंधे. शेस का घरमा?" माझी मुलगी फरशीवर होती. ती झटकन वळली, इतक्या दिवसांनी मिळालेल्या हाकेला, आणि दाराकडं रांगायला लागली. मी तिला धरायला वाकले, आणि त्याच वेळी मोरीतून उत्तर आलं. "उनू रे भाऊ." आले. असा आवाज मी या घरात ऐकला नव्हता. कोवळा, धावत येणारा, परकराचा ओचा सावरत येणाऱ्या मुलीचा. सासूबाई बाहेर आल्या, ओल्या हातांनी, आणि दाराच्या मध्यावर, रांगणाऱ्या नातीच्या पुढं, थबकल्या. मामांनी खाली बघितलं, वर बघितलं. "हाई कोन वळनी?"

मग चहा झाला आणि चहाबरोबर ते बाहेर आलं. मामाच बोलले, सासूबाई कपाच्या कानाशी खेळत होत्या. त्यांच्या आईची लेकरं राहत नव्हती. मग ही झाली, मुलगी, आणि घरातले म्हणाले मुलीसाठी कशाला एवढं. आई बाळंतिणीच्या खाटेवरनं उठून स्वतः गेली, उकिरड्यावर ठेवून आली, गावच्या दाईनं उचलून कोंड्यावर विकली. "मुलीसाठी कोनी करत नही व सूनबाई, मन्ही मायनी करं," मामा मला म्हणाले. नाव चिंधी ठेवलं. जगली. तिच्या पाठीवर मामा, त्यांनाही तीच रीत, धुडकू, फाटकं धुडकं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सासरचं नाव लिहिलं, सरला. तेव्हा ती रडली होती, सासरी जायचं म्हणून नाही, नाव काढून घेतलं म्हणून. मग योगराजच्या आधी दोन झाली. दोन्ही राहिली नाहीत. नाव सजवलेलं होतं. शेगडीकडं तोंड करून, बहुधा स्वतःलाच, म्हटलेलं ते वाक्य माझ्या हातातल्या बशीत पडलं आणि मी ते बघत राहिले.

"पन तू हाई काय करं?" मामा आता बहिणीवर चिडले होते. "जितेपनी आपलं नाव कोनी देस का? तू तुन्हं नाव दी टाकं, मंग तू काय पांघरशी?" जिवंतपणी आपलं नाव कुणी देतं का, देऊन टाकलंस, मग तू काय पांघरणार. सासूबाई पहिल्यांदा हसल्या, दात नसलेल्या बाजूनं. "माले आते कोन ली जाई रे. म्हातारी चिंधी." आणि लगेच त्यांचं हसू विझलं. त्यांनी दाराबाहेर बघितलं, समोर, आणि मग माझ्याकडं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ. "सूनबाई सांगस, आठे समदं लेतस," त्या म्हणाल्या. इथं सगळं घेतात.

मला त्यांची दया आली असं मी लिहिणार नाही. आली नाही. मला राग आला, नवा, आधीच्याहून मोठा, कारण आता त्याला धरायला जागा नव्हती. त्यांनी मला सांगितलं का नाही? एवढं एक वाक्य, शीतल, हे माझं नाव आहे. सुपात घालून नेलं तेव्हा, मी टाके धरून उभी होते तेव्हा. आपल्याजवळचं एकुलतं पांघरूण नातीला घातलं आणि मला दाखवली ती त्याची फक्त फाटकी बाजू. आणि शिवाय सून सासूचं नाव घेत नाही. म्हणजे माझ्या मुलीला त्यांनी असं नाव दिलं होतं जे मी तोंडातून काढूच नये. बाकी सगळ्या गल्लीनं तिला बोलवावं, माझ्याशिवाय. हे त्यांच्या मनात होतं की नाही कोण जाणे. रीत अशीच असते, ती कुणाच्या मनात असावी लागत नाही. मामांना मी पोळ्या वाढल्या, शुद्ध मराठीत आणखी घ्या म्हटलं. दुपारच्या गाडीनं ते गेले.

संध्याकाळी टेम्पो आला. मी मुलीला उचललं नव्हतं, कारण साडीचा तुकडा शेवटाला आला होता आणि दुकानदाराचा माणूस यायचा होता. मी म्हटलं, एवढा एक काठ. कात्री चालत होती. मान वर केली तर फरशीवर ती नव्हती. दार उघडं. रस्ता काही मोठा नाही, चार पावलांचा बोळ, आणि ती तो ओलांडून गेली होती, ढिगाशी. लाल-चमचमत्या कातरणांत दोन्ही हात घालून बसली होती, सुपातल्यासारखीच. हमाल पोती काट्यावर घालत होता, रोजचा, ओळखीचा, आमच्या घरातली हाक त्यानं दिवसातनं दहादा ऐकलेली. त्यानं तिला बघितलं, हसला, काखेत धरून उचललं आणि काट्याच्या पाटावर, पोत्याशेजारी बसवलं. "बोलो भाभी," तो मला म्हणाला, "आ चिंधी पण तोली लऊं?" ही चिंधीपण तोलून घेऊ? तो चांगला माणूस आहे, त्याला स्वतःला मुली आहेत. काटा हलला. माझी मुलगी त्या हलण्याला हसली.

मी उठायला गेले. मांडीवरची साडी सरकली, एवढं मला कळलं. मी म्हटलं, "ऋजुता." लूमच्या आवाजात ते नाव दारापर्यंतही गेलं नाही. पुन्हा म्हटलं. ती काट्याच्या साखळीकडं बघत होती. आत शेगडीपाशी सासूबाई होत्या, त्यांना सगळं दिसत होतं, मी वळून बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. मीच बंद केलेला आवाज. मग मी ते घेतलं. सासूचं नाव, सासूसमोर, गल्लीत. "चिंधी," मी म्हटलं, "चिंधी, माझी बाई, ये गं." आणि माझा आवाज फाटला, त्यात सगळं दिसायला लागलं, किती जीव आहे माझा तिच्यावर ते.

"अशी नही," मागून आवाज आला. सासूबाई माझ्या खांद्यामागं येऊन उभ्या होत्या. घाबरलेल्या, पण हुकमी. "लाडमा नको. काळले कळी जाई. तोंड वाकडं करीसन बोलाव. फेकी दे तिले."

मी त्यांच्याकडं बघितलं. कपाळाची आठी, एका बाजूला ओढलेले ओठ, तो सगळा चेहरा जो मी इतके महिने तिरस्कार म्हणून पाठ केला होता. त्याची नक्कल करायला मला काहीच कष्ट पडणार नव्हते. रागाला माझ्याकडं तोटा नव्हता. पेल्याचा होता, सुपाचा होता, कोंड्याचा, न सांगितलेल्या वाक्याचा. तो सगळा मी जिभेवर आणला. ओठ वाकडे केले, डोळे बारीक केले, आणि सासूबाईंच्या तोंडावरची नजर न काढता ओरडले, अहिराणीत, किती दिवसांनी, "चिंधे. मर तिकडं, आठे ये. कोन लेस व तुले?"

शेजारी सासूबाईंची मान, नावाच्या सवयीनं, हलली. आणि पलीकडं काट्यावर, साखळी सोडून, माझी मुलगी माझ्याकडं वळली.